नाव टाकलेला डबा

खिचडीचं पातेलं उतरवताना माझ्या मनगटावर वाफ आली आणि नुसती आग आग झाली. मी आमच्या गावच्या शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवते. नाव शीला, पण पोरं खिचडीवाली बाईच म्हणतात. शाळेच्या व्हरांड्यात प्रथमोपचार पेटी टांगलेली आहे. पांढरी पेटी, वर लाल फुली आणि खाली कुलूप. किल्ली मोठ्या सरांच्या खिशात आणि मोठे सर मालेगावला मीटिंगला. मी आपली नळाखाली हात धरून उभी राहिले, म्हणून कातडी वाचली.

दुसऱ्या दिवशी सरांना भर व्हरांड्यात गाठलं.

"सर, थे पेटी जखमेसाठी हाये का सायबाले दाखव्यासाठी?"

"शीलाबाई, उघडी ठेवली की पोरं कापूस नेतात, चिकटपट्टी नेतात."

"नेऊ द्या नं मंग! कुलपातलं औषध कोनाच्या बापाले लागू होते?"

सर गोरेमोरे झाले. गावातल्या चार बायका म्हणाल्या, बरं सुनावलं. मी आठ दिवस मान वर करून फिरले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी काय केलं ते ऐकल्यावर तुम्ही माझंच वाक्य माझ्या तोंडावर माराल.

जखमेच्या बाबतीत माझं डोकं लवकर फिरतं, त्याला कारण आहे. माझ्या बापाला, फुलचंदला, शुगर होती. चप्पल चावून पायाच्या बोटाला फोड आला. तुरीच्या दाण्याएवढा फोड. त्याच्यावर त्याने चुना लावला, मग हळद, मग विडीची राख, मग कोणी सांगितलं म्हणून कडुनिंबाचा पाला. सांगणारे ढीगभर होते, धुणारा एक नव्हता. तीन आठवड्यांत पाय काळा पडला. गुडघ्यापासून काढला, आणि सहा महिन्यांनी बापही गेला. मी तेव्हा सासरी होते. मला कळवलं ते पाय काढल्यावर. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाऊही नये.

आणि मागच्या पावसाळ्यात माझ्या सासूला, गोजराबाईला, शुगर निघाली.

मेडशीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "शुगरच्या माणसाला पायाची जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोज तळवे पाहा. अनवाणी फिरू देऊ नका. जरा खरचटलं तरी धुवायचं, स्वच्छ पट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी इथं आणायचं. नाही तर पाय जातो."

सासूबाई बाजूला बसून पदराने तोंड पुसत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "साठ वर्सं हे पाय वावरात गेले. आता काय होते त्याईले?"

मी त्याच दिवशी ठरवलं, की या घरात जखमेवर राख लागणार नाही. त्यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट घेतले. आणि गावात आल्यावर सरळ रज्जाकभाईच्या मेडिकलमध्ये गेले. रज्जाकभाई आमच्याच गल्लीतले. दुकानात कधी ते बसतात, कधी त्यांची बायको लतीफा.

"काय शीलाभाभी, दवाखाना खोलून राह्यल्या का?" माझी यादी पाहून ते हसले.

"घरीच खोलतो. द्या."

कापसाचं बंडल, जाळीची पट्टी, चिकटपट्टी, मुरगळल्यावर गुंडाळायची लांब पट्टी, छोटी कात्री, चिमटा, जखमेचं तपकिरी औषध, तापाच्या गोळ्या, थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या. हातमोजे रज्जाकभाईंनी आठवणीने घालायला लावले आणि म्हणाले, गोळ्यांवरची तारीख पाहत जा. हे सगळं मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नीट लावलं. झाकणाच्या आतून कागद चिकटवला. त्यावर १०८, मेडशीच्या डॉक्टरांचा नंबर आणि जीपवाल्याचा नंबर. डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, सगळ्यांच्या हाताला येईल असा ठेवला. मग घरच्यांना बसवून एकेक वस्तू दाखवली. माझा नवरा जगदेव दुसऱ्याच वस्तूला पेंगायला लागला. सासूबाईंनी मात्र कापसाचं बंडल हातात घेऊन दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "किती पांढरा हाये वं."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

दिवाळीच्या आधी रूपालीचं, म्हणजे माझ्या बारावीतल्या पोरीचं बोट विळीवर कापलं. मी धावत डबा काढला, झाकण उघडलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत काय होतं? चिमटा, थर्मामीटर, रूपालीच्याच केसांच्या पिना, आणि सुई-दोऱ्याचं एक रीळ, जे मी कधी ठेवलंच नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. पोरीचं बोट मी माझ्या जुन्या ओढणीच्या चिंधीने बांधलं आणि मग ओसरीवर एकेकाला उभं केलं.

"चिकटपट्टी कोनं नेली?"

"पंपाची नळी गळत होती," जगदेव म्हणाला. "फवारनी थांबवू का मंग?"

"आनं लांब पट्टी?"

"गोऱ्ह्याचा पाय मुरगयला होता. तूच त सांगतलं, मुरगयल्यावर थे बांधा लागते."

"मानसाच्या पायाले सांगतलं होतं!"

"त्याले काय मालूम, थो मानूस नाई म्हनून."

हसा तुम्ही. मी हसले नाही. कात्री ठिबकच्या नळ्या कापायला गेली होती. जाळीच्या पट्टीतून सासूबाईंनी तूप गाळलं होतं. रूपालीला पाहायला केनवडचे पाहुणे आले, तेव्हा घरात लिंबू नव्हतं, म्हणून ओआरएसच्या पुड्या फोडून त्यांना सरबत पाजलं होतं. पाहुण्यांनी दुसरा ग्लास मागितला होता म्हणे! पोरगी अजून बारावीत, तिला पाहायला आलेल्यांना मी घरी असते तर साधं पाणीही विचारलं नसतं, आणि इथे माझं औषध पाजून त्यांचा पाहुणचार झाला.

"आनं कापूस, आत्याबाई?"

सासूबाईंनी देवळीकडे पाहिलं. देवापुढे डबाभर फुलवाती, पांढऱ्याशुभ्र, वळून ठेवलेल्या.

"कोरा होता वं," त्या हळूच म्हणाल्या. "देवाले कोराच कापूस लागते."

"तुमाले शुगर हाये, आत्याबाई! थो कापूस तुमच्या पायासाठी आनला होता! देव येईन का पट्टी बांधाले?"

माझा आवाज एवढा चढला की गल्लीतून लतीफा डोकावून गेली. मी थांबले नाही. बापाच्या पायापासून सुरुवात केली ती पाहुण्यांच्या सरबतापर्यंत आले. जगदेव उठून गोठ्यात गेला. सासूबाई बसून राहिल्या, हातातली एक वात पुन्हा पुन्हा वळत.

दुसऱ्या दिवशी मी सगळं नवीन आणलं आणि माळ्यावरून माझा स्टीलचा डबा काढला. कडीचा, मोठा, लग्नात बापाने दिलेला. त्याच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, 'सौ. शीलास, वडील फुलचंदकडून'. आमच्याकडे नाव टाकलेलं भांडं म्हणजे त्या बाईचं. घरात चार जावा असोत नाही तर दहा, त्या भांड्याला विचारल्याशिवाय हात लागत नाही. सासूबाईंचा पितळी गुंड आहे, त्यांच्या नावाचा. मी या घरात वीस वर्षं झाली, पण त्यातून त्यांना न विचारता तांब्याभर पाणी घेतलेलं नाही.

औषधं डब्यात भरली, नंबरांचा कागद या झाकणाच्या आतून चिकटवला, कडी लावली, कडीला कुलूप लावलं. किल्ली पिनेत ओवून मंगळसूत्राला अडकवली. आणि सगळ्यांसमोर डबा फळीवर आपटून ठेवला.

"नाव वाचा याच्यावरचं. हा डब्बा माह्या बापाचा हाये. आजपासून ज्यानं याले हात लावला, त्यानं माह्याशी बोलू नोको."

"नाई लावनार, माय," सासूबाई म्हणाल्या. "नाव टाकलेल्या भांड्याले मी कवा हात लावला?"

मला वाटलं, टोमणा मारला. मी फणकाऱ्याने शाळेत निघून गेले. ती बाई टोमणे मारणाऱ्यातली नाही, हे वीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

मोठ्या सरांची पेटी मला त्या दिवशी आठवली का? नाही. शाळेत पोचले तेव्हा ती व्हरांड्यात समोरच टांगलेली होती. मी तिच्याखालून गेले आणि तांदूळ निवडायला बसले.

एक गोष्ट मात्र मी नेमाने केली होती. रोज संध्याकाळी सासूबाईंचे तळवे पाहायचे. पण त्या भांडणानंतर त्या माझ्यासमोर पाय पसरून बसेनाशा झाल्या. "पाह्यले म्या, बरे हायेत," म्हणायच्या. मीही कामाच्या घाईत सोडून दिलं. आणि बूट? ते पिशवीत घालून खुंटीला टांगलेले, नवे राहावेत म्हणून. "बूट घालून वावरात गेली त लोकं हासतीन," असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीत तूर कापून झाली. तूर निघाली की वावरात सरवा राहतो, गळालेल्या शेंगा. त्या वेचायला म्हाताऱ्या बाया जातात, आणि आमच्या सासूबाई सगळ्यांच्या पुढे. तुरीचं वावर कापल्यावर कसं असतं, ते चालल्याशिवाय कळत नाही. बोटाएवढी जाड धसकटं, विळ्याने तिरपी कापलेली, जमिनीतून वर आलेली. चांगल्या चपलेच्या आरपार जातात.

त्याच आठवड्यात एका सकाळी पाहते, तर सासूबाईंच्या पायात बूट! मी इतकी खूश झाले, की काय सांगू. शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं. शेवटी ऐकलं बाईने, म्हटलं. नऊ दिवस त्या घरातसुद्धा बूट घालून वावरल्या. थंडी वाजते म्हणायच्या. आणि मी आपली माझ्या बोलण्याचा गुण आला म्हणून मिरवत होते.

दहाव्या दिवशी खिचडीत मीठ टाकत असताना लतीफा शाळेच्या फाटकाशी आली. तिने हाताने बाजूला बोलावलं.

"भाभी, गुस्सा नोका करू. तुमची अम्मा दुकानातून पट्टी नेऊन राह्यली. तीनदा नेली. म्हने रूपालीच्या बोटाले लागलं. पन रूपाली काल आल्ती दुकानात, तिचे बोटं त चांगले हायेत."

तिने आवाज आणखी खाली आणला.

"आनं भाभी, बुटातून वास येऊन राह्यला. मले नाई राहवलं."

मी पळी तशीच पातेल्यात सोडली.

सासूबाई अंगणात ऊन घेत बसल्या होत्या, पायात बूट. मला भर दुपारी आलेली पाहून त्यांनी पाय लुगड्याखाली ओढले. मी खाली बसले आणि नाडी सोडली. वास आधी आला. मग चिकटपट्टीवर चिकटपट्टी, तिच्याखाली हळद, तिच्याखाली काळा पडलेला तंबाखू. अंगठ्याच्या खाली धसकटाचं भोक होतं, आणि अंगठा जांभळट काळा झाला होता. शेजारचं बोट सुजलेलं.

मी तो रंग ओळखते. माझ्या बापाच्या पायाचा तो रंग.

"हे कवाचं हाये?" मी ओरडले. "मले काहून नाई सांगतलं? तंबाखू लावता? तंबाखू! एवढं सांगून, एवढं करून, तरी तंबाखूच? कोनासाठी केलं मी हे सारं?"

जगदेव धावत आला, त्याच्यावर ओरडले, की घरात असून तुला आईचा पाय दिसत नाही. लतीफा मागून आली, तिच्यावर ओरडले, की पहिल्याच पट्टीला का नाही सांगितलं. तिने तपेलीत पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं. मी फळीवरून डबा काढला. किल्लीची पिन मंगळसूत्रातून सुटेना. मंगळसूत्रच ओढून कुलपाजवळ नेलं आणि उघडलं.

डबा भरलेला होता. कापसाच्या बंडलाचा कागद फाटलेला नव्हता. चिकटपट्टीचं टोक निघालेलं नव्हतं. तपकिरी औषधाच्या बाटलीचं बूच पक्कं होतं. तीन महिन्यांत त्यातल्या एकाही वस्तूला कोणाचा हात लागला नव्हता. मला जसं पाहिजे होतं, अगदी तसं.

मी पाय धुतला, जाळीची पट्टी लावली. वरातीमागून घोडं. जगदेवने झाकणावरचा नंबर पाहून जीप बोलावली आणि आम्ही सरळ अकोल्याला निघालो. रस्ताभर मी बोलत होते. बूट, तंबाखू, सरवा, कोणाकोणाला काय काय बोलले ते आता आठवत नाही. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पट्टी सोडली, पाय पाहिला, आणि आजींकडे वाकून हळू आवाजात विचारलं, "आजी, हे पहिल्याच दिवशी धुऊन दाखवलं असतं, तर बोट वाचलं असतं. घरात साधी पट्टी, औषध, काहीच नव्हतं का?"

आणि माझी सासू उठून बसली. खरंच उठून बसली.

"नाई काहून? हाये नं! आमच्या शीलानं मोठा डब्बा करून ठेवला हाये. आमच्या गावात कोनाच्याच घरी नाई तसा. कापूस, पट्ट्या, सारं. तिच्या बापाच्या नावाचा डब्बा हाये थो." मग माझ्याकडे पाहून, शपथ घ्यावी तशी म्हणाली, "म्या त्याले हात बी नाई लावला बरं, शीला. इच्चार कोनाले बी."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात किल्ली लोंबत होती. मी ती पदराखाली लपवली. वाफेने भाजलेल्या मनगटावरचा डाग दिसत होता, तोही लपवला.

"मले मागाचं नं, आत्याबाई," मी म्हणाले. "मी उघडून देली नसती का?"

"तू उघडला असता वं. पन मंग नवा बंडल फोडा लागला असता. आनं तू म्हनली असती, बूट काहून नाई घातले. आदीच तुह्या डोक्याले किती ताप." त्या पुन्हा आडव्या झाल्या. "म्या म्हनलं, एवढ्याशा भोकासाठी पोरीले कायले चिडवा."

चिडवा! माझ्या चिडण्यापायी बाईने नऊ दिवस सडका पाय बुटात कोंबला. मोठ्या सरांना मी विचारलं होतं, कुलपातलं औषध कोणाच्या बापाला लागू होतं. माझ्या बापाला तर झालंच नव्हतं. आता सासूलाही नाही. थू माझ्या शहाणपणावर. लोकांना सांगताना मी बापाच्या पायाची गोष्ट सांगते, पण बापानेही तो फोड घरात कोणापासून लपवला होता का, हे मी कधी विचारलंच नाही. त्याच्या घरीही कोणी चिडणारं असेल.

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला. डॉक्टरीण म्हणाली, आणखी चार दिवस गेले असते, तर पाय गेला असता. लतीफाच्या नाकाने माझ्या सासूचा पाय वाचवला, माझ्या डब्याने नाही.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं, ते कुलूप काढून नाल्यात फेकायचं. किल्लीही फेकली. डबा फळीवरून काढून सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी ठेवला, उघडा. जगदेव म्हणाला, आता पुन्हा चिकटपट्टी पंपाला जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, रज्जाकभाईचं दुकान कुठे पळालंय?

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांची पट्टी बदलते. परवाची गोष्ट. पट्टी झाली, बंडलातून काढलेला थोडा कापूस उरला. सासूबाईंनी तो उचलून बोटांमध्ये फिरवून पाहिला, आणि देवळीकडे पाहत दबकत विचारलं, "हा उरला तेवढा घेऊ का वं, वातीले?"

"इच्चारता कायले, आत्याबाई!" मी ओरडले.

मला म्हणायचं होतं, घ्या, सगळा घ्या, विचारायचं कशाला. पण तोंडातून निघालं ते नेहमीच्याच आवाजात. त्यांनी दचकून कापूस परत डब्यात टाकला, झाकण लावलं आणि कडीही लावली. वरून पदराने झाकण पुसलं.

मी तशीच त्यांच्या खाटेजवळ खाली बसले. शाळेला उशीर होत होता. मी कडी काढली, झाकण उघडलं, कापसाचं अख्खं बंडल काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या घेईनात. मी त्यांचा हात धरून बंडलावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला, कारण तोंड उघडायची मला भीती वाटत होती.